टीम कोणाच्या बापाची?

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. सकाळी चहा घेत बसलो होतो आणि पुतण्या कॉलेजला निघाला. अंगात आधी पांढरा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि त्यावर बिनबाह्यांचा हिरवा-पिवळा (अशी फॅशन आहे म्हणे सध्या). छातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'सुपरसॉनिक्स'. मी कप हातात धरून बघतच राहिलो.

"कुठून घेतलास रे हा?"

"एफसी रोड. साडेतीनशेला. का, काका?"

"कोणाचा आहे माहिती आहे का?"

"ब्रँड आहे ना काहीतरी? व्हिंटेज."

व्हिंटेज! ज्या टी-शर्टसाठी माझा सात वर्षांचा मुलगा २००८ साली दोन दिवस जेवला नव्हता, तो एफसी रोडवर व्हिंटेज म्हणून साडेतीनशेला मिळतो. पोराला कॉलेजला उशीर होत होता म्हणून तेव्हा गप्प बसलो. पण विषय डोक्यातून जाईना. तेव्हा मंडळी, आज हे पुराण. ज्यांना बास्केटबॉलमध्ये काडीचाही रस नाही (म्हणजे बहुतेक सगळ्यांना) त्यांनीही थोडं थांबा, कारण गोष्ट बास्केटबॉलची नाहीच आहे. गोष्ट मालकाची आहे, आणि ती शेवटी पुण्यापर्यंत येते.

सॉनिक्स ही सिअॅटलची टीम. १९६७ साली सुरू झाली. तेव्हा इथली बोइंग कंपनी आवाजापेक्षा जास्त वेगाने जाणारं प्रवासी विमान बनवणार होती, म्हणून टीमचं नाव सुपरसॉनिक्स. १९७१ मध्ये त्या विमानाचा प्रकल्पच रद्द झाला. विमान उडालंच नाही, नाव तेवढं राहिलं. १९७९ मध्ये टीम एनबीए जिंकली आणि गावाच्या कायमची मनात बसली.

मी इथे १९९९ साली आलो. ऑफिसमधल्या एकाकडे जादा तिकीट होतं म्हणून पहिली मॅच पाहिली. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला सुरुवातीला हा खेळ म्हणजे पोरकटपणा वाटतो. दर अर्ध्या मिनिटाला कोणीतरी बास्केट टाकतं, मग आनंद तरी कशाकशाचा मानायचा? पण गॅरी पेटन नावाचा खेळाडू होता. समोरच्याच्या अंगाला चिकटून बचाव करायचा आणि अखंड बडबड करून त्याचं डोकं फिरवायचा. मला थेट जावेद मियांदादच आठवला. त्या दिवसापासून मी सॉनिक्सवाला झालो. घरापासून बारा हजार किलोमीटरवर, जिथे कोणी आपल्याला ओळखत नाही तिथे, हिरवा टी-शर्ट घालून बसमध्ये चढल्यावर ड्रायव्हर "काल काय खेळले!" म्हणायचा. परदेशात आपलं कोणीतरी आहे असं मला पहिल्यांदा कधी वाटलं असेल तर ते तेव्हा. याला तुम्ही हसा, पण खरं आहे ते.

आता मालकांकडे वळतो.

२००१ साली हॉवर्ड शुल्ट्झ या गृहस्थांच्या गटाने टीम घेतली, सुमारे २० कोटी डॉलरना. शुल्ट्झ म्हणजे स्टारबक्सला जगभर नेणारे. गाव खूश, कारण माणूस गावातला. काही वर्षांत त्यांचं म्हणणं सुरू झालं की आपलं मैदान, म्हणजे की अरेना, आता परवडत नाही. १९९५ मध्येच त्याचं नूतनीकरण झालं होतं, तरी पुन्हा करा, आणि त्याला सुमारे २२ कोटी डॉलर सरकारने द्यावेत. सरकार म्हणजे कोण? आम्ही. शहराने नाही म्हटलं. तेव्हाच्या नगर परिषदेच्या अध्यक्षांनी तर टीमचं सांस्कृतिक मूल्य जवळजवळ शून्य आहे अशा अर्थाचं विधान केलं.

जुलै २००६ मध्ये शुल्ट्झनी टीम विकली, ३५ कोटी डॉलरना. घेणारे होते ओक्लाहोमा सिटीचे क्ले बेनेट आणि त्यांचे साथीदार. आता बघा, ओक्लाहोमा सिटीत तेव्हा स्वतःची एनबीए टीम नव्हती. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सची टीम दोन हंगाम तिथे पाहुणी म्हणून खेळत होती आणि गर्दी तुफान होत होती. म्हणजे ज्याला मुलगी नाही त्या घरचा माणूस आमच्या मुलीला 'फक्त सांभाळायला' घेऊन चालला होता. करारात एक वर्षभर प्रामाणिकपणे सिअॅटलमध्ये नवीन मैदानासाठी प्रयत्न करण्याचं कलम होतं. आम्ही भाबड्यांनी त्या कलमावर विश्वास ठेवला.

बेनेट यांनी रेंटन या उपनगरात ५० कोटी डॉलरचं मैदान मागितलं, बहुतांश पैसा जनतेचा. राज्याच्या विधिमंडळाने दाद दिली नाही. ऑगस्ट २००७ मध्ये त्यांच्या एका भागीदाराने ओक्लाहोमातल्या एका वृत्तपत्राला सांगून टाकलं की आम्ही टीम सिअॅटलमध्ये ठेवायला घेतलेलीच नाही. खरं बोलल्याबद्दल त्याला एनबीएने अडीच लाख डॉलर दंड केला! पुढे कोर्टात मालकांची आपसातली ईमेल्स बाहेर आली. टीम लवकरात लवकर हलवता येईल का, असं त्यांत विचारलेलं होतं आणि बेनेट यांचं उत्तर उत्साहाने भरलेलं होतं. आपला उत्साह सिअॅटलमध्ये मैदान व्हावं यासाठी होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. ज्याने त्याने आपापला निष्कर्ष काढावा.

१३ एप्रिल २००८ ला की अरेनामधली शेवटची मॅच झाली. मी मुलाला घेऊन गेलो होतो. त्या हंगामात टीमने ८२ पैकी फक्त २० सामने जिंकले होते, पण त्या दिवशी डॅलसला हरवलं. केव्हिन ड्युरंट नावाचा एकोणीस वर्षांचा उंच, काटकुळा पोरगा त्या वर्षी आला होता, त्याने शेवटी बास्केट टाकली आणि हात वर करून लोकांना आणखी ओरडायला सांगितलं. सगळं मैदान "सेव्ह अवर सॉनिक्स" ओरडत होतं. मुलगा मला म्हणाला, "बाबा, आता आपण जिंकलो ना, मग टीम राहील?" काय सांगणार? पाच दिवसांनी एनबीएच्या मालकांनी मतदान केलं. तीसपैकी अठ्ठावीस मालकांनी टीम हलवायला होकार दिला. नाही म्हणणारे दोनच, डॅलसचे मार्क क्युबन आणि पोर्टलंडचे पॉल अॅलन.

करार २०१० पर्यंतचा होता म्हणून शहराने दावा लावला. सहा दिवस खटला चालला आणि निकाल लागायच्या आत, २ जुलै २००८ ला तडजोड झाली. शहराला साडेचार कोटी डॉलर मिळाले, टीम ओक्लाहोमाला गेली. मात्र त्या तडजोडीत एक फार महत्त्वाची गोष्ट होती, जिच्याकडे तेव्हा मी रागाच्या भरात लक्षच दिलं नाही. सॉनिक्स हे नाव, हिरवा-पिवळा रंग आणि १९७९ ची ढाल नवीन टीमला वापरायची नव्हती. ते सगळं सिअॅटलच्या पुढच्या टीमसाठी राखून ठेवलं गेलं. ओक्लाहोमाला जाऊन टीमचं नाव झालं थंडर.

आता माझं मत. आधी कबुली देतो की ते मध्ये बदललेलं आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये सिअॅटलच्या मतदारांपुढे एक प्रस्ताव होता. इनिशिएटिव्ह ९१. शहराने व्यावसायिक टीमच्या मैदानात पैसा घातला तर त्यावर निदान सरकारी रोख्यांवर मिळतं तेवढं तरी उत्पन्न मिळालं पाहिजे, नाहीतर पैसा घालायचा नाही. जवळपास ७४ टक्के लोकांनी त्याला होकार दिला. मी तेव्हा ग्रीन कार्डाच्या रांगेत होतो, मला मत नव्हतं. असतं तर मी विरोधात दिलं असतं. मला वाटायचं, द्या ना पैसे! दरडोई दोन-चार पिझ्झ्यांचा खर्च, त्यात गावाची शान राहते. माझी बायको अशा वेळी फार बोलत नाही, फक्त एक वाक्य टाकते. तिने मुलाच्या शाळेची यादी माझ्यापुढे ठेवली. सप्टेंबरमध्ये इथल्या सरकारी शाळा पालकांना यादी देतात. पेन्सिलींचे बॉक्स, कागद, टिश्यूचे खोके, हात पुसायचे रुमाल, वर्गासाठी सगळं घरून पाठवायचं. "शाळेला टिश्यू घ्यायला पैसे नाहीत," ती म्हणाली, "आणि तुझ्या कॉफीवाल्याला मैदान बांधून द्यायचं?"

तेव्हा मी चिडलो. आज मला ती शंभर टक्के बरोबर वाटते.

कारण या गावाने आधी पैसे देऊन पाहिलेले होते. किंगडोम नावाचं प्रचंड काँक्रीटचं मैदान होतं. मार्च २००० मध्ये ते सुरुंग लावून पाडलं (काही सेकंदांत खाली आलं, मी लांबून पाहिलंय, धुळीचा ढग अर्ध्या शहरावर). त्याचं कर्ज मात्र फिटलं २०१५ साली! पंधरा वर्षं लोक नसलेल्या इमारतीचे हप्ते भरत होते. बेसबॉलच्या नवीन मैदानाला १९९५ मध्ये मतदारांनी अगदी थोडक्या फरकाने नाही म्हटलं, तर विधिमंडळाने दुसऱ्या वाटेने पैसा उभा करून ते बांधलंच. मग लोक चिडले आणि इनिशिएटिव्ह ९१ आलं. म्हणजे सॉनिक्स गेली ती नुसत्या बेनेटमुळे नाही. आधीच्या दोन मालकांनी जे ओरपलं त्याचं बिल तिसऱ्या टीमच्या वेळी फाटलं.

"अहो, पण टीम गेलीच ना?" असं कोणी म्हणेल. गेली. आणि ओक्लाहोमाची बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यांनी मार्च २००८ मध्ये मत देऊन विक्रीकरातून १२ कोटी १० लाख डॉलर आपल्या मैदानाला दिले. टीम तिथे रुजली. जून २०२५ मध्ये थंडर एनबीए जिंकली तेव्हा त्या छोट्या गावाचा आनंद टीव्हीवर पाहून मलाही, कबूल करतो, बरं वाटलं. पण त्यापुढचं ऐका. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या मतदारांनी पुन्हा नवीन मैदानाला होकार दिला. किंमत किमान ९० कोटी डॉलर, त्यात मालकांचा वाटा ५ कोटी. बाकी विक्रीकरातून, म्हणजे दूध-पाव आणि चपला घेणाऱ्याच्या खिशातून. लोकांनी राजीखुशीने दिलेत, ठीक आहे. पण 'नाही म्हणालो तर काय होतं' याचं उदाहरण त्यांना शोधावं लागलं नाही, ते स्वतःच त्या उदाहरणावर बसलेले होते. दुसऱ्याच्या घरातून आलेली वस्तू आपल्याही घरातून जाऊ शकते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आणि इकडे काय झालं? जी की अरेना दुरुस्त होणं शक्य नाही असं दोन-दोन मालक छातीठोकपणे सांगत होते, ती पुढे एका खासगी कंपनीने शंभर कोटींहून जास्त डॉलर स्वतः घालून नवी केली. यात इंजिनिअर म्हणून मला एका गोष्टीचं फार कौतुक आहे. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं मूळ छप्पर ऐतिहासिक म्हणून पाडता येत नव्हतं. मग त्यांनी सुमारे २० हजार टनांचं ते छप्पर तात्पुरत्या खांबांवर तोलून धरलं आणि त्याच्या खाली खणून नवीन मैदान बांधलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते उघडलं, आता तिथे आइस हॉकीची टीम खेळते. म्हणजे पैसा होता, जागा होती, तंत्र होतं. नव्हती ती फक्त मालकाची इच्छा, कारण फुकट मिळत असेल तर विकत कोण घेतो?

आता थोडं कपड्यांबद्दल. हा विषय पुतण्यामुळे सुरू झाला, आणि मालकी कोणाची हे कपड्यांवरून फार छान कळतं.

ऑक्टोबर २००५ मध्ये एनबीएने खेळाडूंसाठी ड्रेसकोड काढला. मैदानात येता-जाता सैल टी-शर्ट नको, टोपी नको, गळ्यात साखळ्या नकोत, घरात गॉगल नको. बहुतेक खेळाडू काळे, बरेचसे गरीब वस्त्यांतून आलेले, त्यांना 'नीट कपडे घाला' हे कोट घातलेल्या लोकांनी सांगितलं. बऱ्याच खेळाडूंना ते लागलं, आणि का लागलं ते समजण्यासारखं आहे. गंमत म्हणजे मालकांना ड्रेसकोड नव्हता. वर ज्यांचं नाव आलं ते डॅलसचे क्युबन टी-शर्ट आणि जीन्स घालून मैदानाला लागून बसायचे, ओरडायचे. नोकराला गणवेश, मालकाला मोकळीक. हे आपल्याला नवीन नाही.

पण पोरांनी सूड कसा उगवला पाहा. शिक्षा म्हणून घालायला लावलेल्या कपड्यांची त्यांनी फॅशनच करून टाकली. आज खेळाडू गाडीतून उतरून ड्रेसिंग रूमकडे जातात तेवढ्या बोळातल्या चालण्याचे फोटो मॅचच्या बातमीपेक्षा जास्त पाहिले जातात. यातला बादशहा रसेल वेस्टब्रुक. हा कोण? तर जून २००८ च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला सॉनिक्सनेच घेतलं होतं. सहा दिवसांनी टीमच हलली, आणि तो सिअॅटलसाठी एकही सामना खेळला नाही. पुढे २०१६ मध्ये ड्युरंट ओक्लाहोमा सोडून कॅलिफोर्नियाच्या टीमकडे गेला. मग ड्युरंटविरुद्धच्या पहिल्याच सामन्याला वेस्टब्रुक 'अधिकृत फोटोग्राफर' लिहिलेला नारिंगी अंगरखा घालून आला. ड्युरंटला फोटोग्राफीचा नाद होता, त्याला मारलेला हा टोमणा. एक शब्द न बोलता!

पण मला खटकलं ते वेगळंच. ड्युरंट गेला तेव्हा ओक्लाहोमातल्या काही लोकांनी त्याचे टी-शर्ट जाळले. गद्दार म्हणाले. वा रे वा! एक सत्तावीस वर्षांचा पोरगा करार संपल्यावर, नियमात बसून, नोकरी बदलतो तो गद्दार. आणि अख्खी टीम ट्रकमध्ये घालून दुसऱ्या राज्यात नेणारा मालक म्हणजे उद्योजक. हा न्याय मला फार ओळखीचा वाटतो. आम्ही देश सोडून आलो तर 'ब्रेन ड्रेन', आणि एखादी कंपनी अख्खं डिपार्टमेंट एका रात्रीत दुसऱ्या देशात हलवते तेव्हा तो 'बिझनेस डिसिजन'. असो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये जुन्या की अरेनात, ती पाडकामाला जाण्याआधी, एक सराव सामना झाला. ड्युरंट कॅलिफोर्नियाच्या टीमकडून खेळायला आला होता. ओळख करून देताना तो बाहेर आला तो अंगात सॉनिक्सचा टी-शर्ट घालून, शॉन केंप या जुन्या खेळाडूचा. छप्पर उडेल असा आवाज झाला. माझ्या शेजारी बसलेला माझा मुलगा, सतरा वर्षांचा घोडा, तोंड फिरवून डोळे पुसत होता. आणि गंमत बघा, त्याच गावात पुढच्याच वर्षी शुल्ट्झसाहेब राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवू का, याची चाचपणी करत होते. स्वतःच्या गावातही त्यांना थंड प्रतिसाद. त्याची राजकीय कारणं अनेक होती, पण इथे सगळ्यात आधी निघायचा तो विषय सॉनिक्सचा. टीम विकल्याचा पश्चात्ताप त्यांनी स्वतःच्या पुस्तकात व्यक्त केला. तरी राजकारणात मतदार करवाढ विसरतो, टीम गेलेली विसरत नाही.

आता पुणे.

पुण्याची आयपीएल टीम सहारा समूहाने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरना घेतली. तोपर्यंतची सगळ्यात महाग टीम. पुणे वॉरियर्स तीन हंगाम तळाशी घुटमळली. २०१३ मध्ये मालक आणि क्रिकेट बोर्ड यांचं पैशांवरून फाटलं, टीम संपली. गहुंज्याच्या मैदानाला दिलेलं नाव पैसे थकले म्हणून झाकावं लागलं. पुढे २०१६-१७ अशी दोन वर्षं रायझिंग पुणे सुपरजायंट्स आली. पहिल्या वर्षानंतर नावातला शेवटचा 'स' काढला, धोनीचं कप्तानपद काढलं, आणि २०१७ ची फायनल मुंबईविरुद्ध एका धावेने हरली. मग मुदत संपली, दुकान बंद. २०२१ मध्ये त्याच मालकांनी ७०९० कोटी रुपयांना लखनौची टीम घेतली आणि तिचं नाव ठेवलं लखनौ सुपर जायंट्स. मे २०२४ मध्ये मोठा पराभव झाल्यावर मालक मैदानावर कप्तान राहुलशी हातवारे करत बोलत होते. काय बोलले ते कोणालाच ऐकू आलं नाही, पण दिसलं सगळ्यांना.

फरक लक्षात आला का? सिअॅटलमधून टीम गेली, नाव गावाकडे राहिलं. पुण्यातून टीमही गेली आणि नावही मालकाच्या बॅगेतून लखनौला गेलं. पुणेकर दोन टीम हरवून बसले आणि कोणी "सेव्ह अवर" काही केल्याचं मला तरी आठवत नाही. (पुणेकर एवढे गप्प! हे मला अजून पटत नाही.) त्याचं कारण मला असं वाटतं की ती टीम आपली आहे असं मानायला कोणी वेळच दिला नाही. आयपीएल आली तीच मुळात मालकांना घेऊन. २००८ पासून कॅमेरा चेंडूपेक्षा मालकांच्या गॅलरीवर जास्त. कोणी काय घातलंय, कोणी कोणाला मिठी मारली. सिनेमातले मालक, उद्योगपती मालक. आपण टाळ्या वाजवल्या त्या शहरासाठी की मालकासाठी, हा प्रश्न आपल्याला पडलाच नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, लालबागच्या एका गिरणीत विणाई खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. संप फसला, पुढे गिरणी बंद पडली, आम्ही डोंबिवलीला गेलो. २००८ मध्ये सॉनिक्स गेली तेव्हा मी फोनवर आण्णांपुढे बराच वेळ तणतणलो. त्यांना बास्केटबॉल म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मालकाने नवीन मशीन आणायचं बंद केलं की समजायचं. मालकाचं मन आधी जातं, गिरणी नंतर जाते. आम्हाला ते कळत होतं, पण आम्ही म्हणायचो, गिरणी आपलीच आहे, जाईल कुठे?" मग थोडं थांबून म्हणाले, "आपली होती, पण कागदावर नव्हती."

आण्णा आता नाहीत. त्यांच्या गिरणीच्या जागेवर काय उभं आहे ते सांगायला नको. १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली आणि ज्या जागेवर आमची वडीलधारी माणसं घाम गाळत होती तिथे आता वाहनतळाचेही पैसे पडतात. टीमची आणि गिरणीची तुलना केली म्हणून मला कोणी वेड्यात काढेल. एकाची करमणूक गेली, दुसऱ्याची भाकरी. दुःखाची प्रत वेगळी आहे हे मला कळतं, मी त्या घरातच वाढलो. पण यंत्रणा तीच आहे. लोक जीव लावतात, मालक हिशेब लावतो, आणि सरकार मध्ये उभं राहून हिशेबाला मदत करतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की जीव जरूर लावा, पण आधी कागद करून घ्या. हे अशक्य नाही. क्लीव्हलंडची फुटबॉल टीम मालकाने बाल्टिमोरला नेली तेव्हा १९९६ मध्ये शहराने नाव, रंग आणि इतिहास अडवून ठेवला, आणि १९९९ मध्ये त्याच नावाची टीम परत उभी राहिली. त्यानंतर ओहायो राज्याने कायदा केला. जनतेच्या पैशाच्या मैदानावर खेळणारी टीम हलवायची तर सहा महिने आधी सांगायचं आणि स्थानिक लोकांना ती विकत घ्यायची संधी द्यायची. २०१८ मध्ये कोलंबसची सॉकर टीम जायला निघाली तेव्हा याच कायद्याचा आधार घेऊन दावा लागला, लोक रस्त्यावर उतरले, स्थानिक खरेदीदार पुढे आले आणि टीम राहिली. ग्रीन बे नावाच्या लाखभर वस्तीच्या गावाची फुटबॉल टीम तर १९२३ पासून गावकऱ्यांच्या शेअर्सवर चालते. लाभांश नाही, शेअर विकून नफा नाही, पण टीम हलणारही नाही. (बाकीच्या मालकांनी हा प्रकार इतर कोणाला करता येऊ नये असा नियम करून ठेवलाय. का, ते ओळखा!)

पुण्याला, नागपूरला उद्या एखादा मालक टीम घेऊन आला आणि म्हणाला की मैदान द्या, पोलीस द्या, पाणी द्या, करात सूट द्या, तर जरूर चर्चा करा. पण महापालिकेने आणि मंत्र्यांनी त्याच्यासोबत टी-शर्ट घालून फोटो काढण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. नाव आणि रंग गावाचे. जेवढा पैसा जनतेचा, तेवढा वाटा जनतेचा. आणि जायचं असेल तर आधी आम्हाला विचारून. मालक नाही म्हणाला तर समजा, त्याचं मन आधीच दुसऱ्या गावात आहे.

पुतण्या संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याला ही सगळी कथा सांगितली. जेवण होईपर्यंत ऐकत होता, मोबाइल न बघता, हेच विशेष. शेवटी टी-शर्टकडे बघत म्हणाला, "म्हणजे काका, हा ज्या टीमचा आहे ती टीमच नाहीये?"

"टीम नाहीये. नाव आहे."

"मग पैसे वसूल," म्हणाला आणि तो टी-शर्ट धुवायला टाकायच्या ऐवजी घडी करून कपाटात ठेवला.